‘दोष नाही’ असं लिहिणारी माणसं

“पण अध्यक्ष झाल्यावर मिळतं काय?”

एका विद्यार्थिनीनं विचारलं होतं, आणि त्यात खोच अजिबात नव्हती. न्यू जर्सीतल्या एका गावच्या वाचनालयाची तळघरातली खोली, शनिवारची दुपार, जुन्या गालिच्याचा ओलसर वास. आम्ही सगळ्या स्पीच थेरपिस्ट, म्हणजे बोलण्याच्या, भाषेच्या अडचणी तपासणाऱ्या, आणि ही आमच्या वेगवेगळ्या वंशांच्या गटाची बैठक. कुणाचे आईवडील हैतीहून आलेले, कुणी पोर्तो रिकोची, दोघीतिघी फिलिपिनो, एक इजिप्तची, आणि आम्ही भारतीय नेहमीप्रमाणे एका बाजूला चिकटून बसलेलो. वाचनालयात खायला मनाई असल्यामुळे सामोशांचा ट्रे टेबलाखाली होता आणि त्याचा वास मात्र राजरोस फिरत होता. मावळत्या अध्यक्षबाईंनी नेहमीचा प्रश्न टाकला, पुढच्या वर्षी कोण? लगेच सगळ्यांना आपापल्या फोनमध्ये काहीतरी तातडीचं दिसायला लागलं. त्या शांततेत ही मुलगी, अजून एम.एस.च्या पहिल्या वर्षात असलेली, निरागसपणे बोलून गेली. अध्यक्षबाई हसल्या. “ईमेल,” म्हणाल्या. मग थोडं थांबून, “आणि शनिवार जातात.” मुलीनं ते वहीत लिहून घेतलं, खरोखरच! सगळ्या हसल्या, मीही हसले. पण घरी येताना टर्नपाइकवर गाड्या तुंबल्या होत्या आणि तो प्रश्न माझ्या शेजारच्या सीटवर बसून होता. अध्यक्षबाईंनी दिलेलं उत्तर खोटं नव्हतं, पण ते सगळं उत्तरही नव्हतं. पूर्ण उत्तर मला तरी देता आलं असतं का?

असल्या गटाचं नेतृत्व म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगणं अवघड जातं. इथल्या आमच्या राष्ट्रीय संघटनेला सगळे ‘आशा’ म्हणतात. ‘अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशन’ या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळून आलेली आहेत, दुसरं काही नाही. पण महाराष्ट्रातून नव्यानं आलेल्या प्रत्येकीला आधी गावातली आशाताई आठवते, आणि मायदेशातल्या संघटनेचं नाव पुन्हा ‘इशा’, म्हणजे बहिणी-बहिणीच. ही आशा १९२५ सालची. सभासद दोन लाखांच्या वर, त्यात बायका बहुसंख्य आणि दहातल्या साधारण नऊ जणी गोऱ्या. त्यांनी तपासायची मुलं मात्र तशी राहिलेली नाहीत. माझ्या शाळेच्या हजेरीपटावर पटेल, रेड्डी, गार्सिया, मोहम्मद आणि जाँ-बाप्तिस्त एका रांगेत येतात. या दोन रंगांमधलं अंतर भरून काढायचं काम कुणाच्याही नोकरीच्या वर्णनात लिहिलेलं नसतं. ते या गटांतल्या बायका करतात. ओहायोत तेलुगू बोलणारी थेरपिस्ट माहितेय का, म्हणून कुणीतरी रात्री विचारतं. शिष्यवृत्तीचे अर्ज वाचायचे असतात. अधिवेशनात एखादं सत्र मिळावं म्हणून प्रस्ताव लिहायचा असतो, तो नाकारला जातो, पुढच्या वर्षी तोच थोडा कमी रागात लिहायचा असतो. आमच्या मावळत्या अध्यक्षबाई दिवसा एका प्राथमिक शाळेत पन्नासच्या आसपास मुलं बघतात. आपल्या शाळेत मी कशाची अध्यक्ष आहे हे कुणाला ठाऊक नाही, असं त्या एकदा सहज म्हणाल्या होत्या, आणि त्यात तक्रारीचा सूर नव्हता. मला मात्र ते ऐकून राग आला होता. त्यांच्या वाट्याचा राग मी का करून घेतला, हे तेव्हा कळलं नाही.

या सगळ्याची सुरुवात कुठं झाली, ते आम्हाला कुणी वर्गात शिकवलं नाही. १९६८ साली डेन्व्हरला आशाचं अधिवेशन होतं. मार्टिन लूथर किंग यांची हत्या त्याच वर्षीच्या एप्रिलातली. अधिवेशनाला आलेले मूठभर कृष्णवर्णीय सभासद एकत्र जमले, त्यांनी आपला ‘ब्लॅक कॉकस’, म्हणजे संघटनेच्या आतला आपला गट, केला आणि संघटनेपुढे मागण्या ठेवल्या. आमच्या लोकांना या व्यवसायात घ्या, आमच्या मुलांची भाषा काय आहे ते अभ्यासक्रमात शिकवा, आणि जी भाषा तुम्हाला माहीतच नाही तिला रोग म्हणू नका. ऑर्लँडो टेलर हे त्यातलं ठळक नाव, पुढे हॉवर्ड विद्यापीठात त्यांनी पिढ्या घडवल्या. १९६९ मध्ये संघटनेनं शहरी आणि वांशिक प्रश्नांसाठी एक वेगळा विभाग उघडला. त्याचं नाव नंतर दोनदा बदललं, आजही तो बहुसांस्कृतिक विभाग म्हणून चालतो. पण विभाग मिळाला म्हणून ती माणसं घरी गेली नाहीत. १९७८ साली कृष्णवर्णीय थेरपिस्ट आणि ऑडिऑलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) यांनी आपली स्वतंत्र राष्ट्रीय संस्था काढली. घरात खोली मिळाली तरी शेजारी स्वतःची एक झोपडी बांधून ठेवायची, हे शहाणपण मला फार आवडतं. मागून हिस्पॅनिक आले, नेटिव्ह अमेरिकन आले, आशियाई-पॅसिफिक आले, आशियाई भारतीय आले, आणि प्रत्येकानं आपापला कॉकस केला. आम्ही भारतीय या पंगतीत बऱ्याच उशिरा येऊन बसलो. पानं आधीच मांडलेली होती, वाढणारेही उभे होते. कुणी मांडली होती, हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही.

‘जी भाषा माहीत नाही तिला रोग म्हणू नका’ हे आता कुणालाही पटेल इतकं साधं वाटतं. तेव्हाचे कागद वाचले की ते किती साधं नव्हतं हे दिसतं. कॅलिफोर्नियात, माँटेरे परगण्यात, मेक्सिकन वंशाच्या नऊ मुलांना इंग्रजीतून बुद्धिमत्ता चाचणी दिली गेली आणि त्यांची रवानगी मतिमंद मुलांच्या वर्गात झाली. त्यांच्या घरात स्पॅनिश बोलत होते. पुन्हा स्पॅनिशमधून तपासल्यावर त्यांतली बहुतेक मुलं त्या वर्गात बसायला नकोच होती असं निघालं. १९७० सालचा हा डायना खटला. त्यानंतर पाच वर्षांनी आलेल्या विशेष शिक्षणाच्या कायद्यात मुलाची चाचणी त्याच्या भाषेतून घ्यावी, असं कलम आलं. मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरचा खटला त्याहून बारीक. तिथं ‘दुसरी भाषा’ नव्हतीच, मुलं इंग्रजीच बोलत होती, पण त्यांच्या घरचं, कृष्णवर्णीयांचं इंग्रजी. ग्रीन रोडवरच्या सरकारी घरांत राहणाऱ्या आयांनी शाळेला कोर्टात खेचलं. आमच्या मुलांना तुम्ही अध्ययन-अक्षम ठरवता, वाचायला मात्र शिकवत नाही. शाळेचं नाव काय, तर मार्टिन लूथर किंग ज्युनिअर प्राथमिक शाळा. गरिबीचे, संस्कृतीचे मुद्दे न्यायाधीश चार्ल्स जॉइनर यांनी आधीच बाजूला काढले होते, भाषेचा तेवढा ठेवला. भाषाभ्यासक जिनीव्हा स्मिदरमन यांनी तो मुद्दा उभा केला, विल्यम लबॉव्ह यांनी साक्ष दिली. १९७९ मध्ये निकाल लागला, मुलांच्या घरच्या बोलीची शिक्षकांना ओळख करून द्या, असा. मला या खटल्यातल्या प्राध्यापकांपेक्षा त्या आया जास्त दिसतात. दिवसभर काम करून संध्याकाळी वकिलाकडं जाणाऱ्या. पदाधिकाऱ्यांच्या कुठल्या यादीत त्यांची नावं नाहीत.

आमच्या धंद्यात फाइलवर काही ना काही लिहिल्याशिवाय मूल परत पाठवायची सवय नाही.

मुंबईत शिकत होते तेव्हाची ओपीडी आठवते. ओला जिना, डेटॉल, बाहेर बाकावर मांडी घालून बसलेल्या बायका, आणि केबिनच्या दारावर सोडून दुसरीकडे सगळीकडे कान असलेले शिपाईमामा. एक गृहस्थ आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आले होते. मूळचे माळशिरसकडचे, मुंबईत कुठंतरी गोदामात कामाला. हातात शाळेची चिठ्ठी होती, ‘ण चा उच्चार येत नाही, उपचार व्हावेत.’ मी वही सरसावून बसले. उच्चारांचे तक्ते माझे पाठ होते आणि मला एकदाचा कुणावर तरी उपचार करायचा होता. आमच्या मॅडमनी मुलाला काही विचारलंच नाही. त्या वडिलांकडं वळून म्हणाल्या, “गावाकडं यंदा पाऊस कसा आहे हो?” तो माणूस मोकळा झाला. पानी, लोनी, दुष्काळी कामं, मेव्हन्याची विहीर, असं सगळं सांगत सुटला. मॅडम ऐकत होत्या. मग त्यांनी फाइल ओढली आणि लिहिलं, ‘वाचादोष नाही.’ खाली सही. मुलाच्या बोलण्यात घरात नसलेलं असं काहीच नव्हतं, तो अगदी बापासारखं, आजीसारखं, गावासारखं बोलत होता. मूल भाषा शिकलं की नाही, याचा पुरावा तोच. माझी वही कोरी राहिली. गृहस्थांनी कागद घडी करून खिशात ठेवला, पण उठले नाहीत. म्हणाले, “दोष न्हाई म्हंता, बरं हाय. पन वर्गात पोरं हासत्यात, त्येचं काय?”

मॅडमनी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. काहीतरी दिलं असणार. चिठ्ठी लिहिणाऱ्या बाईंना बोलावून घेते, असं म्हणाल्या असाव्यात. मला फक्त प्रश्न आठवतो, आणि त्या माणसाचे दोन्ही तळवे टेबलावर टेकलेले.

अमेरिकेत आल्यावर १९८३ सालचं ते निवेदन वाचनात आलं. आशानं अधिकृतपणे म्हटलं, इंग्रजीची कुठलीही बोली हा आजार नाही, विकार नाही. १९६८ च्या त्या खोलीपासून या वाक्यापर्यंत पंधरा वर्षं लागली. मी ते वाचलं आणि पहिल्यांदा आमच्या मॅडम आठवल्या. त्यांना हे निवेदन माहीत होतं का, कुणास ठाऊक. मग माळशिरसचे गृहस्थ आठवले. कारण निवेदनाचा दुसरा भाग त्यांच्यासाठी होता. ज्याला प्रमाण इंग्रजी शिकून घ्यायचंय, त्याला थेरपिस्टनं मदत करावी, पण ती त्याच्या इच्छेनं, रोगी म्हणून नव्हे. हे लिहिणाऱ्यांनी त्या बापाचा प्रश्न कुठंतरी ऐकला असणार. अटलांटात किंवा शिकागोत, वेगळ्या शब्दांत. हसणाऱ्या वर्गाचं काय करायचं, हे मात्र निवेदनात नाही. तो विषय थेरपिस्टच्या अखत्यारीत येत नाही, असं कुणीही म्हणेल. मला अलीकडे वाटायला लागलंय की या गटांचे नेते जे शनिवार घालवतात, ते त्याच उरलेल्या अर्ध्या प्रश्नावर जातात.

आणि आमची स्वतःची गंमत वेगळीच. दुसऱ्यांचे उच्चार तपासायला आम्ही येतो ते आमचे उच्चार घेऊन. ‘वॉटर’मधला व आणि ‘व्हॅन’मधला व्ह माझ्या तोंडात अजून एकाच घरात राहतात. ट तर आपला टाळूला जीभ लावून ठणठणीत. मी नवीन असताना एका पालकांनी मुख्याध्यापकांना विचारलं होतं, ही बाई माझ्या मुलीला आर शिकवणार? विचारलं अगदी सौजन्यानं. अशा प्रसंगांसाठीही निवेदन आहे, १९९८ चं. थेरपिस्टचा स्वतःचा उच्चार वेगळा असला तरी चालेल. तिला योग्य उच्चार ऐकून ओळखता यायला हवा, करून दाखवता यायला हवा, आणि काम यायला हवं. मुख्याध्यापकांना ते मी प्रिंट काढून दिलं. त्या कागदामागे कुणाचे किती शनिवार असतील, हा विचार तेव्हा डोक्यात आला नव्हता, नोकरी टिकली याचंच हायसं वाटलं होतं. दुसरीकडं, आमच्यातल्याच काही जणी भारतीय आयटीवाल्यांचे उच्चार अमेरिकन करून देण्याचे वर्ग घेतात, तासाला चांगले पैसे मिळतात. शनिवारी बैठकीत बोलीच्या सन्मानावर बोलायचं आणि मंगळवारी संध्याकाळी ट ची जीभ टाळूवरून खाली उतरवायची! पूर्वी मला हे दुटप्पी वाटायचं. आता तितकंसं वाटत नाही. मंगळवारी येणारा माणूस स्वतःच्या पायांनी येतो, आणि फोनवर तीनदा ‘काय म्हणालात?’ ऐकून आलेला असतो. तरीही त्या वर्गांच्या जाहिरातीत ‘स्पष्ट बोला’ असं लिहिलेलं दिसलं की मला कसंतरी होतं. अस्पष्ट कोण बोलत होतं?

मागच्या वर्षी आमच्या भागातल्या एका शाळेतून पाच वर्षांच्या मराठी मुलाची केस सल्ल्यासाठी आली. कुटुंब पिंपरीहून येऊन वर्षही झालं नव्हतं. वर्गात तो बोलायचाच नाही. शिक्षिका चांगली होती, मनापासून काळजी करणारी, आणि तिनं घरी सांगून ठेवलं होतं की आता इंग्रजीच बोला. आईवडिलांनी आज्ञा मानली. आईचं इंग्रजी ऑफिसचं, मीटिंगचं. त्यात पाच वर्षांच्या पोराला रागावायला शब्द नाहीत आणि लाड करायला तर त्याहून नाहीत. मुलाची चाचणी आधी इंग्रजीतून झाली होती, आणि दुभाषा म्हणून फोनवर जो आला तो हिंदी बोलणारा होता. मी गेले, खाली जमिनीवर बसले, आणि पिशवीतून खेळण्यातली बस काढून म्हटलं, “ही बस कुठं चाललीय रे?” आधी कितीतरी वेळ काही नाही. मग, “निगडीला.” त्यानंतर बस निगडीहून भक्ती-शक्तीला, तिथून आजीकडे, वाटेत पंक्चर, मग ड्रायव्हरला ओरडा. क्रियापदं जागच्या जागी, लिंगं बरोबर, गोष्टीला सुरुवात-मध्य-शेवट. न ऐकलेले निरर्थक शब्द पाठोपाठ म्हणायला लावले, तेही जमले. नवीन शब्द शिकवून थोड्या वेळानं विचारले, लक्षात होते. दुसरी भाषा कानावर नव्यानं पडत असताना काही मुलं महिनोन्‌महिने गप्प राहून ऐकतात. मीटिंगमध्ये मी तेच सांगितलं, विकार नाही, थेरपीची गरज नाही, इंग्रजी शिकायला मदत द्या आणि घरात मराठी बोलू द्या. टेबलाभोवती कुणालाच आनंद झाला नाही. शिक्षिकेला वाटलं, मदत नाकारली. वडिलांना वाटलं, फुकट मिळणारी थेरपी हातची गेली. ‘काही नाही’ हे निदान ऐकायला कुणी रजा टाकून येत नाही.

पण याची दुसरी बाजू सांगितली नाही तर लेख खोटा होईल. साधारण सात टक्के मुलांना खरोखरच भाषेचा विकार असतो, ऐकू येत असताना, बुद्धी ठीक असताना. तो मराठी मुलांनाही होतो, आणि दोन भाषा बोलणाऱ्या मुलात तो दोन्हींमध्ये दिसतो. अशा मुलांच्या पालकांना सगळ्यांत गोड वाटणारं वाक्य म्हणजे, “दोन भाषांमुळे गोंधळ होतो हो, होईल नीट.” डॉक्टर सांगतात, शेजारी सांगतात, पुण्याहून मावशी सांगते. आता तर शाळाही सांगायला लागल्यात, कारण बहुभाषिक मुलाला चुकीचं लेबल लावल्याची तक्रार कुणाला नको असते. म्हणजे ज्या वाक्यासाठी माणसं पंधरा वर्षं भांडली, तेच वाक्य आता हात झटकायला वापरलं जातं. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातले हॅरी सेमूर आणि त्यांचे सहकारी थॉमस रोपर, जिल डी व्हिलिअर्स यांनी यावर केलेलं काम मला म्हणून मोठं वाटतं. बोलीत जे वेगळं असतं ते विचारूच नका. जे सगळ्या बोलींत सारखं असतं, तेच तपासा. तिथं अडलं तर खरंच अडलं. ऐकायला किती सोपं, पण अशी चाचणी इंग्रजीत यायला २००० साल उलटावं लागलं. मराठीत तशी कुठाय?

यावर बोलताना आम्ही भारतीय सभासद फार छान बोलतो, हे मी पाहिलंय. सांस्कृतिक नम्रता, भाषिक हक्क, सगळे शब्द आम्हाला येतात. त्याच वाचनालयाच्या पार्किंगमध्ये, बैठक संपल्यावर, आमच्यातल्याच एकीनं नव्या शेजाऱ्यांची नक्कल केली, “आमी आलो नं, पानी भरून ठिवलं.” आम्ही मराठी बायका हसलो. हसण्याचा आवाज बराच वेळ गाड्यांच्या मध्ये रेंगाळला. गोऱ्यांच्या कंपूत कुणी हैतीच्या बाईंची अशी नक्कल केली असती तर आम्ही दुसऱ्या दिवशी पत्र लिहिलं असतं, आणि त्या पत्राचा मसुदा बहुधा मीच केला असता. आमच्या गटाच्या सभासदत्वाच्या फॉर्मवर वंश आहे, भाषा आहे, लिंगभाव आहे. जातीचा रकाना नाही, असावा असंही मी म्हणत नाही. पण आमच्यापैकी कोण इथवर पोचलं आणि कोण पोचलं नाही, हे ण आणि न च्या वाटणीवरून बरंचसं सांगता येईल, आणि ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे.

अध्यक्ष शेवटी एक तेलुगू बाई झाल्या. कुणीच हात वर करेना म्हणून केला, असं त्या सांगतात, आणि मला ते निम्मंच खरं वाटतं. त्या वरंगळच्या. तेलंगणातलं तेलुगू सिनेमात वर्षानुवर्षं गुंडांना आणि विनोदवीरांना दिलेलं, नायक बोलायचा तो किनारपट्टीचं. कॉलेजात असताना विजयवाड्याच्या मुली आपल्याला दोन-दोनदा तेच वाक्य म्हणायला लावायच्या, हे त्यांनी एकदा चहा पिताना अगदी हसत सांगितलं होतं. अध्यक्ष झाल्यावर त्यांनी पहिलंच काम काढलं ते प्रत्येक भाषेतल्या शब्दांची आणि वाक्यांची एक यादी करण्याचं. चाचणी म्हणावी इतकं मोठं ते नव्हे, त्याला मानकं लागतात, पैसा लागतो, शेकडो मुलं लागतात. शाळेतल्या थेरपिस्टला मराठी किंवा हैतियन क्रेओल येत नसलं तरी पालकांबरोबर बसून मुलाचं प्राथमिक ऐकणं करता यावं, एवढ्यापुरतं. मराठीची यादी माझ्याकडे आणि आणखी एका मराठी सभासदाकडे आली. मी पाणी, लोणी, कोण यांच्यापुढे लिहिलं, ण किंवा न, दोन्ही बरोबर धरावं; डोळा, केळं यांच्यापुढे ळ, य, ल, घरात जे असेल ते. दुसरीनं ते सगळं लाल केलं. तिची टीप होती, आपण मुलं तपासतोय, बोलींचं संमेलन भरवत नाही; आणि परदेशात वाढणाऱ्या मुलांना निदान एक तरी मराठी नीट येऊ दे. शेवटचा भाग मला लागला, कारण तो पूर्ण चुकीचा नव्हता. माझीच मुलगी ळ म्हणत नाही, आणि ते कुठल्या बोलीमुळे नाही.

हे भांडण ईमेलवर गेलं, मग फोनवर. आम्ही दोघी अध्यक्षबाईंना मराठी समजावून सांगत होतो, त्यांना मराठी येत नसताना. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. मग त्यांनी एवढंच विचारलं की तुमच्या राज्यात न म्हणणारी माणसं किती आहेत. दोघीही गप्प. थोडी नाहीत, हे दोघींनाही माहीत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांचा मेल आला, नेहमीसारखा कोरडा, मुद्द्यांचा. दोन्ही उच्चार बरोबर धरायचे. यादीच्या वर सूचना घालायची, आधी पालकांना पाच मिनिटं बोलू द्या आणि मूल त्यांच्यासारखं बोलतं का ते ऐका. आणि यादी पूर्ण करण्याआधी सोलापूर, विदर्भ, खानदेश आणि कोकण इथल्या पालकांकडून शब्द ध्वनिमुद्रित करून आणायचे. हे काम माझ्यावर हरकत घेणाऱ्या सभासदाला दिलं होतं, मला नाही. मी जरा नाराजीनंच फोन केला. त्या म्हणाल्या, तू तर ऐकलेलंच आहेस. तिला ऐकू दे ना.

आता ती दर आठवड्याला मला ध्वनिफिती पाठवते. मागच्या वेळची भुसावळच्या एका आजींची होती. केळ्याला त्या काय म्हणतात ते विचारायला तिनं फोन लावला होता, आजींनी केळीच्या बागेचा भाव, तोडणी आणि व्यापारी कसा फसवतो हे सगळं सांगून टाकलं, आणि तिनं एकदाही त्यांना अडवलं नाही. मजकुरात खाली लिहिलं होतं, ‘अर्धं कळलं नाही. पुन्हा लावणार आहे. त्यांना विचारलंय, शनिवारी चालेल का.’